अत्तारबाई आणि उत्तरेची पट्टी

रविवार, १३ मार्च १९८८. सकाळचे साडेसात वाजले होते. आमच्या गृहरचना संस्थेचे अध्यक्ष श्री. बिवलकर इमारतीच्या मागच्या बाजूस उभे राहून जमिनीवर फक्कीची रेघ मारून घेत होते. इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली ती पट्टी उत्तरेची होती. दोन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढीच रुंद. तिथे शहाबादी फरशी घालायची आणि स्कूटरी लावायच्या, असा कार्यकारी मंडळाचा बेत होता. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा तळमजल्यावरचे स्वयंपाकघराचे दार उघडले आणि सकीना अत्तार झारी घेऊन बाहेर आल्या. नेहमीप्रमाणे आपल्या रोपांना पाणी घातले. मग उरलेले पाणी रेघेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश फिरवले.

"बाई, हे काय चाललंय?" बिवलकर म्हणाले.

"पाणी घालते आहे."

"इथं झाड नाही. इथं रेघ आहे."

"होती," बाई म्हणाल्या आणि झारी भरायला आत गेल्या.

मी हे दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिले. पुढे जे झाले त्याचा आरंभ मी इथून धरतो.

अत्तारबाई आणि मी मुलींच्या एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवीत असे, त्या विज्ञान. नारायण पेठेतल्या या इमारतीत आम्ही घरेही एकाच वर्षी घेतली. तळमजला कोणाला नको होता. ओल असते, उजेड कमी, मागे ती सावलीची पट्टी. बाई घर पाहायला आल्या तेव्हा त्यांनी खोल्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. मागचे दार उघडले, बाहेर उभ्या राहिल्या, बोटाने माती उकरून पाहिली आणि तेच घर घेतले.

उंची बेताची. अंग सडपातळ. सुती पातळ, घड्याळ उजव्या मनगटावर आणि तबकडी आतल्या बाजूस. पिशवीत एक छोटी कात्री कायम असे. जन्म आणि शिक्षण पुण्यातले. वडिलांचे रविवार पेठेत युनानी औषधांचे दुकान होते. बोलणे आखूड. एखादी गोष्ट पटली तर "बरोबर" म्हणत. न पटली तर कारण विचारीत, आणि कारण न मिळाल्यास आपल्याला हवे तेच करीत. लग्न केले नव्हते. का केले नाही, असे शिक्षकांच्या खोलीत एकदा कोणी विचारले. "करायचं कारण कोणी दिलं नाही," एवढेच उत्तर मिळाले. पुन्हा कोणी विचारले नाही.

पट्टीत त्या एकच वनस्पती लावीत. लेमन बाम. पुदिन्याच्या कुळातली. पानही तसेच, जरा रुंद, कडेने कातरलेले, वर सुरकुतलेले. दिसण्यात काही नाही. पान चुरडले म्हणजे लिंबाच्या सालीसारखा वास येतो आणि हाताला बराच वेळ राहतो. बाईंनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांनाही तो वास असे. नापास झालेल्या मुलीसुद्धा पेपर नाकाशी नेत. इमारतीत त्या रोपांना 'बाईंचा पुदिना' म्हणत. बाई चूक दुरुस्त करीत, लोक पुन्हा तेच म्हणत, बाई पुन्हा दुरुस्त करीत.

घरी येणाऱ्याला त्या लगेच 'बसा' म्हणत नसत. एक पान खुडून, तळव्यावर चोळून त्याच्या नाकासमोर धरीत. "हुंगा. मग बोला." विजेचे आकडे घेणारा, देणगी मागणारे, शाळेचे मुख्याध्यापक, कोणाचीही यातून सुटका नव्हती. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या माठात चार डहाळ्या सोडलेल्या असत. काकडीच्या कोशिंबिरीत कोथिंबिरीच्या जागी हेच पान. कोणी विचारले की हे कशावर औषध आहे, तर त्यांचा आवाज चढे. "औषध हवं असेल तर डॉक्टरकडे जा. हे पान आहे. पानासारखं घ्या."

एकदा शाळेत तपासणीसाठी अधिकारी आले. बाईंचा तास बाष्पीभवनाचा होता. त्यांनी एक डहाळी चुरडून टेबलावर ठेवली होती आणि कोणत्या बाकापर्यंत वास केव्हा पोचतो ते मुलींना हात वर करून सांगायला लावले होते. अधिकारी शेवटच्या बाकावर बसले. काही वेळाने म्हणाले, "बाई, हे पाठ्यपुस्तकात नाही."

"पाठ्यपुस्तकाला वास नाही, साहेब. तुमच्यापर्यंत पोचला का?"

"पोचला."

"मग हात वर करा."

अधिकाऱ्यांनी हात वर केला. मुख्याध्यापकांनी नंतर बाईंना बोलावून समज दिली. बाईंनी कारण विचारले.

रोपांची निगा त्या स्वतः करीत. माळी ठेवला नाही. पुण्याचे ऊन या वनस्पतीला सोसत नाही. एप्रिलमधली दुपार अंगावर आली की पाने कडेने करपतात. सकाळचे कोवळे ऊन हवे, नंतर सावली हवी. मुळाशी ओल हवी, पण पाणी साचता कामा नये. पट्टीत हे सारे जुळून आले होते. खाली विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली माती. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या एका सकाळी कात्री घेऊन बसत आणि सगळी रोपे जमिनीपासून चार बोटे ठेवून कापून टाकीत. पहिल्या वर्षी मला वाटले, बाग मोडली.

"का हो, मेलं का?"

"पावसात भिजून पानं कुजतात. म्हणून पानंच ठेवली नाहीत. पंधरवड्यानं बघा."

पंधरवड्याने पट्टी पुन्हा गच्च झालेली असे.

बिवलकरांचा आक्षेप केवळ स्कूटरींचा नव्हता. बाईंच्या मागच्या दारी माणसे येत. म्हातारी माणसे, बहुधा रविवार पेठेतली, कधी कॅम्पातली. मागच्या फाटकातून येत, बाई कात्रीने एक जुडी कापून देत, ती माणसे जात. पैसे घेतलेले कोणी पाहिले नव्हते. तरीही बिवलकरांच्या मते आवारात परकी माणसे येणे बरे नव्हते. ते विमा कार्यालयात अधिकारी होते आणि धोका आधी ओळखण्याची त्यांना सवय होती.

फक्कीचा प्रकार झाल्यावर त्यांनी पुढच्याच रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा बोलावली. विषय एकच. पट्टी संस्थेच्या सामायिक मालकीची; तिथली खाजगी लागवड काढावी व फरशी घालावी. सभेला सर्व सभासद आले होते. बिवलकर वहिनींनी चहा आणला होता. बाई हातात एक डहाळी घेऊन कठड्याशी बसल्या होत्या.

बिवलकर बोलायला उभे राहिले. "बाईंच्या भावनांचा आदर आहे. पण ही वनस्पती उपयोगाची असती तर गोष्ट वेगळी. आम्ही घरी करून पाहिलं. गवती चहासारखंच पाणी घालून चांगलं दहा मिनिटं उकळलं. आलं घातलं, दूध घातलं, साखर घातली. काही नाही! गवत बरं."

"आलं घातलंत?" बाईंनी विचारले.

"घातलं."

"दूध?"

"घातलं."

"साखरही घातलीत. मग पान कशाला घातलंत?"

गच्चीवर हशा झाला. बिवलकर वहिनी सर्वांत मोठ्याने हसल्या. पण चूक बिवलकरांची एकट्याची नव्हती. आमच्यापैकी ज्यांना ज्यांना बाईंनी पाने दिली होती, त्या सर्वांनी ती उकळली होती. पुण्यात पात चहात पडते ती उकळण्यासाठीच. गवती चहाला कढ लागतो. त्याची पात चिवट असते. या पानाचा वास कढासरशी वाफेबरोबर निघून जातो. बाई प्रत्येकाला सांगत आल्या होत्या आणि प्रत्येकाने ऐकून घेऊन घरी जाऊन उकळले होते.

बाई उठल्या. खाली जाऊन एक झाकणाचे पातेले आणि कढत पाण्याची किटली घेऊन आल्या. पाने पातेल्यात टाकली, वरून पाणी ओतले, झाकण ठेवले. "आता कोणी उघडायचं नाही," म्हणाल्या आणि बसल्या. विषयपत्रिका थांबली. एवढे सगळे लोक एका बंद पातेल्याकडे पाहत बसले होते. मध्ये बिवलकरांनी हात पुढे केला.

"इतक्यात नाही," बाई म्हणाल्या. "घाई असेल तर तुमचा चहा आहेच."

झाकण निघाले तेव्हा वास गच्चीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. सर्वांना पेलाभर मिळाले. सर्वांनी चांगले म्हटले. मग मतदान झाले आणि ठराव बहुमताने मंजूर झाला.

माझा हात ठरावाच्या बाजूने वर होता. पट्टी सामायिक होती आणि लागवडीला लेखी परवानगी नव्हती. पेय चांगले असल्याने या दोन गोष्टींत फरक पडत नव्हता. माझे मत आजही तेच आहे.

बाईंनी हात मोजून पाहिले, पातेले उचलले आणि म्हणाल्या, "फरशी कधी घालताय?"

"या आठवड्यात."

"घाला. झाडं मी काढते. मजुरांनी हात लावायचा नाही."

मार्चअखेर हे रोप हलवणे म्हणजे त्याला मारणेच होय, हे त्यांना ठाऊक होते. तरीही एका सकाळी त्यांनी सगळे गड्डे मुळांसकट उकरले, सुरीने त्यांचे वाटे केले, तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावले आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर, खिडकीखाली, एकेक डबा नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'जिन्यात कुंड्या ठेवू नयेत.' बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिले: 'कुंडी नाही. डबा आहे.' सूचना बदलली: 'कुंड्या, डबे व तत्सम वस्तू ठेवू नयेत.' बाईंनी घरोघरी फिरून तडकलेले माठ गोळा केले. प्रत्येक माठात ओली वाळू भरली आणि तिच्यात डबा बसवला. बिवलकर पाहायला आले.

"बाई, हे काय?"

"माठ. उन्हाळा आहे. जिन्यात पाणी ठेवायला बंदी नाही ना?"

बिवलकरांनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली. बैठकीला कोणी आले नाही. सगळ्यांचे माठ त्यांत गुंतलेले होते.

मात्र उन्हाळ्यापुढे शब्द चालत नाहीत. माठाच्या ओल्या वाळूने मुळे थंड राहिली, पण जिना पश्चिमेचा होता. दुपारनंतरचे ऊन खिडक्यांतून थेट आत येई. बाईंनी खिडक्यांना भिजलेली पोती बांधली. शाळेतून मधल्या सुट्टीत येऊन ती पुन्हा भिजवून जात. एप्रिलच्या मध्याला पहिले रोप गेले, मग खालची दोन. एकेका मजल्यावर नुसती वाळू भरलेला माठ उरू लागला. बाई रिकामे माठ उचलीत नसत. जो जिना चढेल त्याला ते दिसावेत, असा त्यांचा हेतू असावा.

एक दिवस संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. हातात शेवटचा माठ. रोपाला चारच काड्या होत्या आणि त्यांतल्या दोन वाळलेल्या.

"सर, तुमच्या न्हाणीघराची खिडकी उत्तरेची आहे. ती मला हवी."

"माझं मत तुमच्या विरुद्ध पडलं होतं," मी म्हणालो.

"पाहिलं होतं. म्हणूनच तुमच्याकडे आले. माझ्या बाजूनं ज्यांनी मत दिलं, ते मायेनं पाणी घालतील. कधी दोनदा, कधी विसरतील. तुम्ही नियमानं घालाल."

माझी पत्नी सुमती मागे उभी होती. तिने न्हाणीघरातली साबणाची फळी काढून घेतली आणि खिडकीत जागा करून दिली. बाईंनी माठ ठेवला, किती पाणी घालायचे ते पेल्याने दाखवले आणि बसल्या. त्या आमच्याकडे बसलेल्या मी प्रथमच पाहिल्या. सुमतीने विचारले, "एवढं काय आहे हो त्या झाडात?"

तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. दुकानात एका खणावर 'बादरंजबूया' असे लिहिलेले असे. युनानीत या वनस्पतीचे ते नाव. खणात बाहेरून आलेला वाळका पाला. वडील तो आयुष्यभर पुड्या बांधून विकत आले. किताबांत लिहिले होते की याला लिंबाचा वास असतो. खणातल्या पाल्याला धुळीचा वास होता. वडिलांना वाटे, किताबवाल्यांनी वाढवून लिहिले आहे. पुढे बाई शाळेची सहल घेऊन पाचगणीला गेल्या. तिथल्या एका वसतिगृहाच्या बागेत वाटेवरच्या पानांना पाय लागला आणि वास आला. माळी म्हणाला, न्या हवे तर, पण पुण्यात जगणार नाही. बाई म्हणाल्या, पुण्यात मी जगते आहे. पहिली दोन रोपे मेली. दोन्ही वेळा त्या पुन्हा पाचगणीला गेल्या. तिसरे या पट्टीत लागले.

"अब्बांच्या हातावर ताजं पान ठेवलं. त्यांनी हुंगलं. म्हणाले, किताबवाले खरं बोलत होते, मीच खोटं विकत होतो. दुसऱ्या दिवशी खण गटारात रिकामा केला. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, मुलीकडे जा, ताजं मिळेल, पैसे देऊ नका. ती माणसं अजून येतात. बिवलकर ज्यांना परकी म्हणतात ती."

"हे सभेत का सांगितलं नाहीत?" मी विचारले. "निकाल फिरला असता."

"म्हणून नाही सांगितलं. बापाचं नाव पुढं करून मी जागा मागत नाही."

त्या उठून गेल्या. मी त्या दिवसापासून सकाळी सहा वाजता एक पेला आणि संध्याकाळी सहा वाजता एक पेला पाणी घालीत असे. पोते भिजवण्याचे काम सुमतीकडे होते. मे महिना गेला. काड्या दोनच राहिल्या, पण दोन्ही हिरव्या होत्या.

फरशी घातलेल्या पट्टीत दरम्यान एकही स्कूटर उभी राहिली नव्हती. मापे घेताना स्कूटरची लांबी-रुंदी धरली होती. वळण धरले नव्हते. स्कूटर आत जाई. वळत नसे. बिवलकरांनी स्वतःची नेऊन पाहिली आणि ती उलटी ढकलीत बाहेर आणावी लागली. गणिताच्या शिक्षकाला हे आधी दिसायला हवे होते, असे बाई मला शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाल्या.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी मागच्या बाजूला लोखंडाचा आवाज आला. बाई पहार घेऊन कुंपणाच्या भिंतीलगतची फरशी उचकटत होत्या. साडी खोचलेली, कपाळावर घाम. पहार त्यांच्या उंचीएवढी होती. बिवलकर धावत आले.

"बाई! ही संस्थेची फरशी आहे!"

"फोडत नाही. काढून रचून ठेवते आहे. मोजून घ्या."

"तुम्ही ठराव मोडताय!"

"मोडते आहे. नोटीस द्या. मी उत्तर लिहीन. तोवर बाजूला व्हा, पायावर पडेल."

"आमच्याकडे असं चालत नाही हं!"

बाईंनी पहार टेकली. "आमच्याकडे म्हणजे कुठे, बिवलकर? तुम्ही पुण्यात नोकरीला आलात. माझा आजा इथं पुड्या बांधत होता."

बिवलकरांनी वर पाहिले. मी खिडकीत होतो. "सर, तुम्ही तरी सांगा. नियमाचं माणूस आहात."

"हा ठरावाचा भंग आहे," मी म्हणालो. ते खरे होते.

"आहे," बाईही वर पाहून म्हणाल्या. "आता ते खिडकीतलं खाली आणा."

मी आणले. एवढेच केले. बाईंनी मला थांबायला सांगितले नाही आणि मी थांबलो नाही. भिंतीलगतची फरशांची एक रांग काढलेली होती. तेवढ्या मातीत त्यांनी त्या दोन काड्यांचा गड्डा लावला. नोटीस आली. बाईंनी उत्तर दिले. दुसरी नोटीस आली, तिलाही उत्तर गेले. तिसरी आली नाही. दोन वर्षांत भिंतीची ती कड पूर्वीसारखी भरली आणि मागच्या फाटकातून म्हातारी माणसे पुन्हा येऊ लागली.

सुमती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्यामागे घरी माणसे येत, बोलत, जात. बाई रोज संध्याकाळी येत आणि बोलत नसत. बशीने झाकलेला पेला माझ्यापुढे ठेवीत. "इतक्यात उघडू नका," म्हणत. मग आम्ही दोघे त्या बशीकडे पाहत बसून राहत असू. पान उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. नंतर त्या बशी स्वतः उचलीत आणि घरी जात. तेरावा झाल्यावरही त्या येत राहिल्या. एक दिवस मीच म्हणालो, आता पुरे. "बरोबर," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. त्यानंतर मी पाने स्वतः आणीत असे आणि स्वतः झाकून ठेवीत असे.

पुढे इमारतीला तडे गेले. पाडून नवी बांधायचे ठरले. सभा पुन्हा गच्चीवर झाली; बिवलकर काठी टेकत आले. बाईंनी सही करण्याआधी नकाशा मागितला आणि उत्तरेवर बोट ठेवले.

"इथं काय आहे?"

"पार्किंग, मॅडम," बांधकामवाल्यांचा माणूस म्हणाला.

"गाड्या वळतील का?"

बिवलकर हसले. इतक्या वर्षांत त्या विषयावर ते हसलेले मी पाहिले नव्हते. "बाई, या वेळी मी मापं घेतलेली नाहीत."

"म्हणून विचारते," बाई म्हणाल्या आणि सही केली. बिवलकरांना आश्चर्य वाटले. त्यांनी विचारले, या वेळी विरोध कसा नाही? "भिंत पडायला आली तर पाडावी. माझं झाड तुमच्या भिंतीला टेकून उभं नव्हतं."

घर रिकामे करून बाई खराडीला भाच्याकडे राहायला गेल्या, आणि त्यानंतर एकच हिवाळा जगल्या. बातमी मला उशिरा कळली. फोनवर भाच्याने सांगितले की लिफ्टसमोर माठ ठेवल्याबद्दल तिथल्या संस्थेची नोटीस आली होती आणि तिचे उत्तर बाईंनी स्वतः लिहिले होते. काय लिहिले ते मी विचारले नाही. अंदाज होता. माठ अजून लिफ्टसमोरच आहे, असे तो म्हणाला.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते घर सोडण्याच्या दिवशी. सामान गाडीत गेले होते. बाई मागच्या पट्टीत उकिडव्या बसून स्वयंपाकघरातल्या सुरीने गड्डा उकरीत होत्या. गुडघे धरले होते. तरी मदत घेतली नाही. गड्ड्याचे दोन वाटे केले. दोन माठ तयार होते, दोन्ही तडकलेले. एक त्यांनी माझ्या हातात दिला.

"तुम्ही कुठे जाताय?"

"वाघोलीला. मुलाकडे."

"उत्तरेची खिडकी आहे?"

"पाहिली नाही."

"पाहायला हवी होती."

"नाही जगलं तर?" मी विचारले.

"खराडीहून घेऊन जा. तिथलंही मेलं तर पाचगणी कुठे पळाली नाही."

भाचा गाडीचे दार उघडून उभा होता. "फुफी, माठ डिकीत ठेवतो. सीट खराब होईल."

"डिकीत मी बसते. हा पुढं ठेव."

भाच्याने माठ पुढच्या सीटवर ठेवला. बाई मागे बसल्या, पुढे वाकल्या आणि एक हात माठाच्या काठावर ठेवला. गाडी फाटकातून बाहेर पडली. त्यांनी मागे वळून इमारतीकडे पाहिले नाही. दुसरा हात खिडकीबाहेर काढून त्या पुढच्या रिक्षावाल्याला बाजूला होण्याची खूण करीत होत्या. रिक्षावाला काहीतरी म्हणाला. बाईंनी त्याला काहीतरी उत्तर दिले. रिक्षा बाजूला झाली.

संध्याकाळी मी वाघोलीला पोचलो. मुलाचे घर नवव्या मजल्यावर. सगळ्या खिडक्या फिरून पाहिल्या. उत्तरेची एकच निघाली, स्वयंपाकघरामागची, कपडे वाळत घालायची. मी दोरी सोडली. माठ ठेवला, वाळू भिजवली आणि रोप चार बोटे ठेवून कापले. सून हातात दुधाचे भांडे घेऊन ओट्याशी उभी होती. तिने पाने पाहिली आणि विचारले, "बाबा, उकळत टाकू?"

मी तिला गॅस बंद करायला सांगितला. पाने पातेल्यात घातली, आधणाचे पाणी वरून ओतले आणि झाकण ठेवले.